फिट देऊन सीआर-झेड घ्यावी का? आधी बॅटरीचा हिशेब करा

प्रश्न थोडक्यात असा. राजारामपुरीतले एक इंजिनिअर सध्या अमेरिकेत मिशिगनमध्ये नोकरीला आहेत. त्यांच्याकडे २०१० ची होंडा फिट आहे, मॅन्युअल गिअरची. ती देऊन २०११ किंवा २०१२ ची होंडा सीआर-झेड, तीही मॅन्युअलच, घ्यायचा विचार आहे. सीआर-झेड म्हणजे दोन सीटची हायब्रिड, पेट्रोल इंजिनला इलेक्ट्रिक मोटरची जोड असलेली गाडी. घरात दोघंच आहेत, मूल अजून नाही. दोन-तीन वर्षांनी कोल्हापूरला परत यायचं आहे आणि येताना ही गाडी बरोबर आणायची फार इच्छा आहे. गाडी घ्यावी का, घेताना काय बघावं, आणि ती इथे आणता येईल का?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याच्या उत्तरावर बाकीचा हिशेब अवलंबून आहे. गाडी कोल्हापूरला आणता येणार नाही. परदेशातली वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती बनून तीन वर्षांपेक्षा जास्त झालेली चालत नाही, स्टेअरिंग उजव्या बाजूला लागतं आणि ती मुंबई बंदरातूनच उतरवावी लागते. सीआर-झेडचं उत्पादनच २०१६ च्या सुमारास थांबलं. म्हणजे अमेरिकेतली डाव्या स्टेअरिंगची तर सोडाच, जपान किंवा ब्रिटनमधली उजव्या स्टेअरिंगची गाडीसुद्धा वयात बसत नाही. स्टेअरिंग बदलून घेतलं तरी बनल्याची तारीख बदलत नाही. वर सीमाशुल्क गाडीच्या किमतीहूनही जास्त. ‘बघू, काहीतरी करू’ म्हणणारा एजंट भेटला तर त्याच्या हातावर आगाऊ रक्कम ठेवू नका. गाडी बंदरात अडकली की जागेचं भाडं रोज चढत जातं आणि गाडी सोडवता येत नाही.

तेव्हा हा निर्णय फक्त तिथल्या दोन-तीन वर्षांपुरता आहे असं धरून पुढचं वाचा.

आता गाडी. तुमची फिट म्हणजे आपल्याकडची जॅझ, फक्त तिकडे इंजिन १.५ लिटरचं. सीआर-झेडचंही इंजिन १.५ लिटरचंच आहे आणि त्याच घराण्यातलं आहे. फिटची ताकद ११७ हॉर्सपॉवर आणि वजन सुमारे १,१३० किलो. २०११-१२ च्या सीआर-झेडची ताकद मोटर धरून १२२ हॉर्सपॉवर, वजन जवळपास १,२०० किलो. भागाकार करून बघा, दर किलोमागे ताकद जवळजवळ सारखीच येते. म्हणून सरळ रस्त्यावर पूर्ण पाय दाबून फिटला मागे टाकीन अशा अपेक्षेने ही गाडी घेतली तर पहिल्याच आठवड्यात निराश व्हाल.

फरक आहे तो खालच्या फेऱ्यांवरच्या ओढीत. फिटचा टॉर्क १४४ न्यूटन-मीटर आणि तोही ४,८०० फेऱ्यांवर. मॅन्युअल सीआर-झेडचा १७४, आणि तो १,००० ते १,७५० फेऱ्यांच्या दरम्यानच हाताशी येतो, कारण इलेक्ट्रिक मोटर जोर द्यायला फेऱ्या चढायची वाट बघत नाही. वैभववाडीहून गगनबावड्याकडे करूळ घाट चढताना वळणातून बाहेर पडल्यावर जिथे फिटला दुसरा गिअर मागावा लागेल, तिथे ही तिसऱ्यात निघते. त्यात बसण्याची जागा खाली, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, आखूड (२,४३५ मिलिमीटर), स्टेअरिंग नेमकं आणि सहा गिअरचा छोटा, खटकन बसणारा लिव्हर. हायब्रिडमध्ये सहा गिअरचा मॅन्युअल देणारी ही पहिलीच गाडी. २०१०-११ चा जपानचा ‘कार ऑफ द इयर’ मान तिला मिळाला. चालवण्याचा आनंद खरा आहे, आणि गाडी त्याच्यासाठी घेणं यात काहीच चूक नाही. हिशेब बिघडतो तो ‘हायब्रिड आहे म्हणजे पेट्रोल वाचेल आणि त्यातून गाडी फिटेल’ असं धरल्यावर.

पेट्रोलचं गणित करू. सरकारी चाचणीचे मिश्र आकडे फिट मॅन्युअलला २९ मैल प्रति गॅलन आणि सीआर-झेड मॅन्युअलला ३४. आपल्या भाषेत सव्वाबारा आणि साडेचौदा किलोमीटर प्रति लिटर. वर्षाला १२,००० मैल चालवलं तर फिटला ४१४ गॅलन लागतात, सीआर-झेडला ३५३. बचत ६१ गॅलनची. गॅलनला साडेतीन डॉलर धरले तर वर्षाला दोनशे डॉलरच्या थोडं वर. हायब्रिड बॅटरी बदलायची वेळ आली तर मजुरी धरून साधारण दोन-तीन हजार डॉलर जातात. तीन वर्षांची सगळी बचत एका बॅटरीच्या चौथ्या हिश्शाला जेमतेम पुरते. म्हणून गाडी बघायला जाण्याआधीच बॅटरीची किंमत मनात वजा करून ठेवा. नवीन बॅटरी बसवल्याचं बिल मालक दाखवत असेल तरच ती रक्कम पुन्हा किमतीत धरा.

या बॅटरीचं काम नीट समजून घेतलं की पारख करणं सोपं जातं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये क्रँकशाफ्टलाच जोडलेली चपटी मोटर बसवलेली असते, १० किलोवॉटची. होंडा या पद्धतीला आयएमए म्हणते. २००८ मध्ये भारतात आलेल्या सिव्हिक हायब्रिडमध्ये हीच पद्धत होती. मोटर वेग घेताना इंजिनला हात देते आणि ब्रेक लावताना किंवा पाय काढल्यावर जनरेटर होऊन बॅटरी भरते. नुसत्या विजेवर गाडी हाकायची ही रचना नाही. २०११-१२ च्या गाडीत निकेल-मेटल हायड्राइडचे ८४ सेल एकामागे एक जोडलेले, एकूण १००.८ व्होल्ट आणि ५.७५ अँपिअर-अवर. गुणाकार केला तर ०.५८ किलोवॉट-अवर, म्हणजे महावितरणच्या बिलातल्या अर्ध्या युनिटच्या जरा वर. त्यातलाही निम्माच भाग वापरात येतो असं धरलं तर पूर्ण १० किलोवॉटची मदत सलग दीड-पावणेदोन मिनिटांपेक्षा जास्त टिकू शकत नाही, अगदी कोऱ्या बॅटरीतसुद्धा.

सेल एकामागे एक जोडलेले असल्यामुळे सगळ्यात कमकुवत सेल जिथे थांबतो तिथे सगळी बॅटरी थांबते. बॅटरी ‘जाते’ म्हणजे बहुतेक वेळा हेच होतं: चार-सहा सेल उरलेल्यांपेक्षा लवकर रिकामे होतात, नियंत्रण यंत्रणेला व्होल्टेज अचानक पडलेलं दिसतं, आणि ती चार्जचा काटा एकदम तळाला आणून बॅटरी जबरदस्तीने भरायला घेते. भरताना इंजिनवर ओझं पडतं, म्हणजे मदत मिळायच्या जागी गाडी जड वाटते आणि मायलेज उलट फिटच्याही खाली जाऊ शकतं. उष्णतेमुळे आणि न वापरता उभी ठेवल्यामुळे हा असमतोल वाढतो. म्हणून कमी चाललेली, गॅरेजमध्ये महिनोन् महिने झाकून ठेवलेली सीआर-झेड दिसायला देखणी असली तरी बॅटरीच्या बाबतीत रोज चालणाऱ्या गाडीपेक्षा वाईट असू शकते. ओडोमीटरचा कमी आकडा बघून जास्त पैसे देऊ नका.

शक्य असेल तर २०१३ किंवा नंतरची शोधा. त्या वर्षी बॅटरी लिथियम-आयनची झाली, १४४ व्होल्टची, मोटर १५ किलोवॉटची, आणि एकूण ताकद १३० हॉर्सपॉवर. स्टेअरिंगवर एक एस-प्लस बटण आलं: बॅटरी निम्म्याहून जास्त भरलेली आणि वेग ताशी ३० किलोमीटरच्या वर असेल तर ते दाबल्यावर काही सेकंद मोटरचा पूर्ण जोर मिळतो. बटणापेक्षा बॅटरीचा बदल महत्त्वाचा. पाचशे-हजार डॉलर जास्त मोजावे लागले तरी तीच गाडी घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

बघायला जाताना मालकाला आधीच सांगा की इंजिन थंड पाहिजे. गेल्यावर बॉनेटला हात लावून खात्री करा. किल्ली फिरवल्यावर चेक-इंजिन आणि आयएमए हे दोन्ही दिवे क्षणभर लागून विझले पाहिजेत. एखादा लागलाच नाही तर तो दाबून ठेवलेला असण्याची शक्यता आहे. मग ओबीडी-२ चा, म्हणजे गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारा, स्कॅनर लावा. कोड नसणं पुरेसं नाही, दोन गोष्टी मुद्दाम बघा: सगळ्या तपासण्या, म्हणजे रेडिनेस मॉनिटर, पूर्ण झाल्यात का आणि कोड पुसल्यापासून गाडी किती चालली. मॉनिटर अपूर्ण आणि अंतर दहा-वीस मैल असेल तर विकण्याआधी कोड पुसलाय हे उघड आहे. पी०ए७एफ हा कोड दिसला तर बॅटरी झिजल्याची ती नोंद आहे; तिथे सौदा एकतर बॅटरीची पूर्ण किंमत कापून करा नाहीतर निघून या. मिशिगनमध्ये वाहनांची नियमित सरकारी तपासणी नाही, प्रदूषणाचीही नाही. त्यामुळे दिवा लागलेली गाडी वर्षानुवर्षं रस्त्यावर राहते आणि तशीच विकली जाते. तपासणारे तुम्हीच.

चालवून बघायला निदान अर्धा तास मागा. पहिली पंधरा मिनिटं शांतपणे चालवून गाडी गरम होऊ द्या. मिशिगन सपाट, घाट मिळणार नाही, म्हणून एक्सप्रेसवेवर चढणारा रॅम्प निवडा. स्पोर्ट मोड लावून तिसऱ्या गिअरमध्ये २,००० फेऱ्यांपासून पूर्ण पाय द्या आणि डॅशबोर्डवरचे मदतीचे आणि बॅटरीचे असे दोन्ही पट्टे बघा. हे पाच-सहा वेळा लागोपाठ करा, मधे फार ब्रेक न लावता. चांगल्या बॅटरीत पट्टे एकेक करून उतरतात. वाईट बॅटरीत अर्ध्याहून जास्त भरलेला काटा एका दमात तळाला जातो, मदत बंद होते, आणि गाडी सरळ रस्त्यावर एका वेगाने चालली असतानाही चार्जिंगचा पट्टा लागून राहतो. हे दिसलं की पुढे तपासायची गरज नाही. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतंय का तेही बघा, मात्र एसी बंद ठेवून. कडक थंडीत यंत्रणा मदत आणि ऑटो-स्टॉप दोन्ही आखडते घेते, म्हणून जानेवारीतल्या चाचणीवरून बॅटरीला दोष देऊ नका आणि पासही करू नका. गाडी जरा उबदार दिवशी पुन्हा बघा.

एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. या गाडीला अल्टरनेटर नाही. पुढची साधी १२ व्होल्टची बॅटरी मोठ्या बॅटरीच्या बाजूने डीसी-डीसी कन्व्हर्टरमधून भरली जाते. ही छोटी बॅटरी म्हातारी झाली की हायब्रिडचे खोटे दिवे लागतात, ऑटो-स्टॉप थांबतो, आणि गॅरेजवाला मोठी बॅटरी बदलायचं एस्टिमेट हातात देतो. आधी १२ व्होल्टची बॅटरी लोड टेस्टरवर तपासून घ्या. उलट बाजूही लक्षात असू द्या: मोठी बॅटरी पूर्ण बसली तरी पेट्रोलवर गाडी बहुधा चालत राहते, पण १२ व्होल्टचं चार्जिंगही धोक्यात येतं. तसं महिनोन् महिने रेटू नका.

विकणारा ‘बॅटरी नवीन टाकलीय’ म्हणाला तर बिलावर काय लिहिलंय ते वाचा. सगळे सेल नवे असतील तर उत्तम. ‘रिकंडिशन्ड’ लिहिलं असेल तर बहुतेकदा सेलच्या वाईट कांड्या काढून त्यांच्या जागी दुसऱ्या जुन्या बॅटरीतल्या बऱ्या कांड्या बसवलेल्या असतात. नव्या-जुन्यांचा मेळ बसत नाही आणि थोड्याच महिन्यांत पुन्हा तोच असमतोल सुरू होतो. अशा बॅटरीची किंमत शून्य धरा. कंपनीची मूळ वॉरंटी आता २०११-१२ च्या कुठल्याच गाडीवर उरलेली नाही.

बॅटरीशिवाय तीन गोष्टी. पहिली, गंज: मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे गाडी लिफ्टवर चढवून ब्रेकचे पाइप, पुढची सबफ्रेम, मागचा बीम आणि दारांखालची पन्हळ टोचून बघा. वरून चकचकीत आणि खालून पोकळ असं सर्रास असतं. दुसरी, क्लच: पाचव्या-सहाव्या गिअरमध्ये ताशी ६० किलोमीटरच्या आसपास पूर्ण पाय दिल्यावर फेऱ्या चढल्या आणि वेग तेवढा चढला नाही तर क्लच घसरतोय, मोटरचा खालच्या फेऱ्यांवरचा टॉर्क क्लचला सोसावा लागतो. तिसरी, रिकॉल, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावणं. टकाटा कंपनीच्या एअरबॅगच्या रिकॉलमध्ये सीआर-झेडही आहे आणि तुमच्या पिढीची फिटही. शिवाय २०११ च्या मॅन्युअल सीआर-झेडला सॉफ्टवेअरचा वेगळा रिकॉल होता: विशिष्ट परिस्थितीत इंजिन बंद पडलं तर मोटर गाडीला गिअरच्या उलट दिशेला ढकलू शकत होती. गाडीचा व्हीआयएन, म्हणजे ओळख क्रमांक, एनएचटीएसए या अमेरिकी वाहन-सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर टाकला की काय बाकी आहे ते दिसतं. काम होंडाच्या डीलरकडे फुकट होतं. बाकी असेल तर सौद्याआधी करून मागा, आणि तुमच्या फिटचंही राहिलं असेल तर विकण्याआधी उरका.

घेतल्यावर निगा फार नाही. इंजिन ऑईल ०डब्ल्यू-२०, फिल्टरसह साडेतीन लिटरच्या किंचित वर. गिअरबॉक्सला होंडाचंच एमटीएफ, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सचं तेल. डिकीच्या पाट्याखालच्या बॅटरीला थंड करणारा पंखा केबिनमधली हवा ओढतो, म्हणून मागच्या जाळीवर बॅगा रचू नका आणि धूळ-केस साचले तर व्हॅक्यूमने काढा. आठवड्यातून एकदा तरी सलग वीस-तीस मिनिटं चालवा. नारिंगी रंगाच्या केबलला मात्र घरी हात लावायचा नाही. हे काम शिकलेला माणूससुद्धा १२ व्होल्टचं निगेटिव्ह टर्मिनल काढतो, बॅटरीजवळचा मुख्य स्विच बंद करतो, कपॅसिटर उतरायला निदान पाच मिनिटं थांबतो आणि इन्सुलेटेड हातमोजे घालूनच झाकण उघडतो. १०० व्होल्ट डीसी माणसाला मारायला पुरेसे आहेत.

आता जागा. फिटची मागची सीट पाडली की ५७.३ घनफूट सामान बसतं. सीआर-झेडमध्ये मागचा कप्पा पाडूनही २५.१. अमेरिकेतल्या गाडीला मागे सीटच नाहीत. आई-वडील सहा महिन्यांसाठी तिकडे आले तर विमानतळावरून दोघं आणि चार बॅगा एकदम आणता येणार नाहीत. चालक धरून दोनच माणसं. किती वजन चालतं ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, ते सौद्याआधी वाचा. मागची काच आडव्या पट्टीने दुभागलेली आहे आणि मागच्या कोपऱ्यांतलं जवळजवळ काहीच दिसत नाही. लेन बदलायची सवय आरशावर नव्याने बसवावी लागते. आणि मूल व्हायचा विचार या दोन-तीन वर्षांतच असेल तर ही गाडी एकमेव गाडी म्हणून घेऊ नका, इथे मी आडपडदा ठेवत नाही. तान्ह्या बाळाची मागे तोंड असलेली सीट एअरबॅगच्या समोर लावायची नसते, आणि या गाडीत दुसरी जागाच नाही. दुसरी गाडी घरात असेल तर खुशाल घ्या.

फिट कशी द्यायची? डीलरला बदल्यात दिली तर मिशिगनचा सहा टक्के विक्रीकर फरकाच्या रकमेवरच लागतो. या सवलतीला कमाल मर्यादा आहे, पण जुन्या फिटची किंमत तिच्यात आरामात बसते. उदाहरणार्थ, डीलर ४,००० देत असेल तर कर वाचतो २४० डॉलर. बाहेरचा गिऱ्हाईक ४,२४० पेक्षा जास्त देत असेल तर स्वतः विका. मॅन्युअल फिटला तिकडे चाहते आहेत, सर्व्हिसची बिलं लावून विकली तर फरक सहसा या पलीकडे जातो. मात्र चांगली सीआर-झेड डीलरपेक्षा तिच्या नादी मालकाकडेच सापडते, आणि तिथे बदल्याचा प्रश्नच येत नाही. म्हणून आधी फिट विकायची घाई नको. सीआर-झेडचा सौदा पक्का झाला, टायटल, म्हणजे मालकीचा कागद, स्वच्छ निघालं, व्हीआयएन देऊन विम्याचा दर लेखी घेतला, की मग फिट काढा. मिशिगनमध्ये विमा महाग आहे, आणि दोन सीटच्या गाडीचा दर फिटइतकाच येईल असं गृहीत धरू नका.

परत आल्यावर कोल्हापुरात काय चालवायचं? मॅन्युअल गिअरची दोन सीटची हायब्रिड इथे मिळत नाही. हायब्रिडच हवी तर होंडा सिटी ई-एचईव्ही किंवा टोयोटा हायरायडर आणि तिची बहीण ग्रँड विटारा (या दोघींचा ‘स्ट्राँग हायब्रिड’ प्रकार), या २०२२ पासूनच्या गाड्या आहेत. बिंदू चौक ते रंकाळा अशा अडत चालणाऱ्या रस्त्यावर त्या सीआर-झेडपेक्षा कितीतरी जास्त वीज वापरतात, कारण त्यांच्यात मोटर एकटी गाडी ओढू शकते. पण गिअर टाकायचं सुख त्यांत नाही. सिटीत बॅटरीमुळे डिकी ५०६ वरून ३०६ लिटरवर आली आहे, हेही बघून ठेवा. वळणांचा आनंद हवा असेल तर हायब्रिडचा हट्ट सोडा आणि ह्युंदाई आय-२० एन लाइनची २०२३ नंतरची सहा गिअरची मॅन्युअल आंबा घाटात चालवून बघा. तुम्हाला सीआर-झेडमध्ये जे आवडतंय त्याच्या सर्वात जवळ तीच येते, आणि मागे आई-वडील बसू शकतात. कुठलीही हायब्रिड घेतलीत तरी २०१९ आणि २०२१ सारखं पंचगंगेचं पाणी शिरोलीत महामार्गावर आलं तर ती पाण्यात घालू नका. डिकीपर्यंत पाणी शिरलं असेल तर चालू करून बघू नका, ओढून शोरूमला न्या.

सीआर-झेड तिकडेच विकून या. निघायच्या तीन-चार महिने आधी, बर्फ वितळल्यावर एप्रिल-मे महिन्यात जाहिरात टाका, कारण अशी गाडी लोक उन्हाळ्यासाठी घेतात. बॅटरीचं बिल, रिकॉलची पावती आणि स्कॅनरचा ताजा अहवाल जाहिरातीतच लावा. मिशिगनमध्ये नंबरप्लेट गाडीबरोबर जात नाही, ती मालकाची असते. किल्ली देण्याआधी ती काढून घ्या आणि सही केलेल्या टायटलची प्रत स्वतःकडे ठेवा.